बिनशेपटीची मगर

कांपुंग लिम्पासू, पापार
६ मार्च १९६६

लिनुस बाळा,

बोलते आहे तुझी आजी लुन्सिन, लिहिते आहे तुझी बहीण जसिंता. म्हणजे पत्रात अक्षर सुंदर असेल ते तिचं आणि अक्कल दिसेल ती माझी. (हसते आहे बघ. हसलेलं लिहू नकोस म्हटलं, तर तेही लिहिते.)

तू जेसल्टनच्या संग्रहालयात जुन्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवतोस, असं तुझी आई सगळ्या गावाला सांगते. बाजारातल्या बायकांना वाटतं तू पोस्टात लागलास. असो. आज त्या नोकरीचं काम पडलंय.

जसिंताचं देज आलं. मेम्बाकूतहून सेव्हेरिनची माणसं आगगाडीने आली. वाजवायच्या पितळी थाळ्या आणल्या, एक म्हैस आणली, ती डब्यातून उतरायलाच तयार नव्हती, शेवटी स्टेशनमास्तरने तिची समजूत काढली. आणि आणली एक कांशाची तोफ. ओसरीवर लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवली आहे, रीतीप्रमाणे तोंड नदीकडे करून. लग्न लागेपर्यंत तिला कोणी हलवायचं नाही.

मी नारळाची करवंटी घेऊन तापाई, आपली तांदळाची दारू, वाढत होते. तोफेच्या पाठीवर मगर दिसली. मगरीला शेपटी नव्हती. करवंटी माझ्या हातातून पडली आणि विहीणबाईंच्या मांडीवर सगळी तापाई. त्यांना वाटलं, म्हातारी आधीच पिऊन बसली आहे.

आता ऐक, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. मला थोरला भाऊ होता, गिम्बाड. आमच्या घरात एक तोफ होती, तिच्यावर मगर होती. गिम्बाडने लहानपणी मुसळाने त्या मगरीची शेपटी तोडली. मला म्हणाला, “आता ही पाण्यात वळू शकत नाही, तुला चावायची नाही.” पुढे त्याचं लग्न ठरलं कुआला पेन्यूकडच्या मुलीशी. एकुलती एक होती. तोफ देज म्हणून तिकडे गेली आणि पाठोपाठ गिम्बाडही तिकडेच राहायला गेला. लोक बायको आणतात, आमच्याकडे बायकोने नवरा नेला. वडील रागावले, बोलणं बंद झालं. मग जपानी आले, ते गाव उधळलं. कोणी म्हणे गिम्बाड बॉम्बमध्ये गेला, कोणी म्हणे कुदातला मासे वाळवतो. मेलेल्यांच्या दिवशी त्याच्या नावाची मेणबत्ती लावू की नको, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

ही तोफ तीच असेल, तर सेव्हेरिन त्याचा नातू. आणि भावाचा नातू, बहिणीची नात, हे रक्त आपल्यात अजून गरम धरतात. एका डोळ्याने बघते तर भाऊ सापडतो, दुसऱ्या डोळ्याने बघते तर नातजावई जातो. दोन्ही डोळे मिटून बसले तर तुझी आई विचारते, बरं नाही का.

तू मला एवढंच सांग, तोफ ओळखायची कशी? बिनशेपटीची मगर जगात एकच असेल ना?

(इथे जसिंताचा टाक थांबला आहे. लिही ग, लिही.)

तुझी आजी


जेसल्टन
१५ मार्च १९६६

प्रिय आजी,

पत्र वाचून मी जो गोंधळलोय, तो गोंधळ घेऊनच लिहायला बसलो आहे.

पत्र मिळाल्यावर मी सरळ खालच्या कोठारात गेलो. आमच्याकडे ब्रुनेईच्या ओतीव तोफा आहेत, भिंतीला लावून ठेवलेल्या. त्यातल्या एकीवर मगर आहे. आजी, तिलाही शेपटी नाही.

साहेबांना विचारलं. ते म्हणाले, जुने ओतारी आधी मेणाची तोफ करायचे. लाकडात कोरलेला मगरीचा ठसा त्या मेणावर दाबायचे, मग वरून माती थापायची, मेण वितळवून काढायचं आणि कांसं ओतायचं. साचा दर वेळी फोडावा लागतो, म्हणून दोन तोफा अगदी सारख्या कधीच निघत नाहीत. पण ठसा तोच राहतो. कुणा ओताऱ्याच्या ठशाचं टोक तुटलं असणार, आणि तो तसाच वापरत राहिला. त्याच्या हातच्या सगळ्याच मगरी बिनशेपटीच्या.

म्हणजे गिम्बाड आजोबांनी शेपटी तोडलीच नव्हती. ती कधी नव्हतीच. हे तुला लिहिताना मला वाईट वाटतंय.

मग ओळखायचं कशाने? साहेबांनी एक सोपी खूण सांगितली. तोफेवर जे उठून आलेलं असतं, मगर, वेलबुट्टी, कडी, ते मेणातून आलेलं, म्हणजे ओताऱ्याचं. तशा तोफा चार घरी सापडतील. पण जे खोदलेलं असतं, ते कांसं थंड झाल्यावर कोणीतरी मुद्दाम कोरलेलं, म्हणजे ज्यांच्या घरी ती होती त्यांचं. तर उठलेलं सोडून दे. तुमच्या घरच्या कोणी काही खोदलं होतं का? आठव, आणि बोट फिरवून बघ.

रविवारी मी मेम्बाकूतला जाऊन येतो. सेव्हेरिनच्या आजोबांचं नाव विचारलं की संपलंच.

तुझा,
लिनुस


कांपुंग लिम्पासू
२१ मार्च

लिनुसा,

इतकी वर्षं मी त्या मगरीच्या शेपटीबद्दल माझ्या भावाचे उपकार मानत आले, आणि तू म्हणतोस ती कधी नव्हतीच. लहानपणी दोन दिवस मी त्याच्या वाट्याचं पाणीही भरलं होतं, शेपटी तोडून त्याचे हात दुखतात म्हणून. बघ कसा होता. आता कुठे असेल तिथे त्याचा कान पकडावासा वाटतो आहे.

नाव विचारायला तू एवढ्या लांब जातो आहेस, मी इथेच विचारलं. विहीणबाई आग्नेस म्हशीला बघायला म्हणून परत आली होती. खरं तर आपली तापाई चाखायला. मी म्हटलं, “विहीणबाई, तुमच्या सासऱ्यांचं नाव काय हो?”

ती म्हणाली, “अग बाई! सासऱ्यांचं नाव मी कसं घेऊ? पोट फुगेल माझं.”

“देवळातलं नाव सांगा. ते तर पाद्र्याने ठेवलेलं.”

“पाद्र्याने ठेवलं तरी सासऱ्यांचंच ना!”

“बरं, पहिलं अक्षर?”

“अक्षर मला येत नाही.”

“मलाही येत नाही,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसत बसलो, आणि काम तसंच राहिलं. सेव्हेरिनचे वडील तो पाळण्यात असतानाच वारले, आणि सेव्हेरिन आजोबांना ‘आजोबा’ एवढंच म्हणायचा. आग्नेस म्हणते, “आमचे म्हातारे.” म्हातारे जाऊनही बरीच वर्षं झाली. आपल्या माणसांबद्दल कधी बोलायचे नाहीत, एवढं तिने सांगितलं. आता न बोलणारे म्हातारे इथून ब्रुनेईपर्यंत दर घरी एक आहेत.

खोदलेल्या खुणेचं विचारलंस. होती. गिम्बाडने सुरीच्या टोकाने माझ्यासाठी पाको नेच्याचा कोंब कोरला होता, असा गुंडाळलेला, आपण भाजीला खुडतो तसा. मला पाको फार आवडायचा म्हणून. त्याबद्दल त्याने मारही खाल्ला. तोफ उचलायला पाठीवर मुठीसारखा कांशाचा मासा असतो ना, त्याच्याजवळ. मी आज पहिल्यांदा या तोफेला हात लावला. इतके दिवस लावला नव्हता.

कोंब आहे. उठलेला आहे.

आता जेवायला जाते.

आजी


जेसल्टन
३० मार्च

प्रिय आजी,

उठलेला आहे! मग चिंता मिटली. वेलबुट्टीत पाकोसारखे कोंब सगळेच ओतारी काढायचे. आमच्याकडच्या तोफेवरही ते आहेत, ओळीने. तुमच्या तोफेवरचा कोंब ओताऱ्याचा, म्हणजे ती गिम्बाड आजोबांची तोफ आहे असं म्हणायला काही आधार राहत नाही. जसिंताला सांग, कापणीच्या सणाआधी मी सुट्टी काढून येतो आणि लग्नात नाचतो.

मेम्बाकूतला मी गेलो होतो. गेलो नसतो तर बरं झालं असतं. सेव्हेरिनच्या आजोबांबद्दल दुकानदार म्हणाला, ते बोंगावानचे. चर्चमध्ये घंटा वाजवणारे काका म्हणाले, छे, कुआला पेन्यूचे. नदीकाठच्या एका बाईने मला घरात बसवून कच्च्या माशाचा हिनावा खायला घातला आणि सांगितलं की ते इथलेच, तिच्या आईला त्यांनी मागणी घातली होती. नाव विचारलं तर सगळे म्हणाले, “सेव्हेरिनचे आजोबा.” त्याआधी, सेव्हेरिनचे वडील होते तेव्हा, ते “आंतोनचे बाबा” होते. त्याआधीचं सांगणारं कोणी उरलेलं नाही. पाद्री नवे आहेत, त्यांना एवढंच ठाऊक की कबरीवर इग्नेशियस लिहिलं आहे.

आणि एक. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. तू तोफेला हात लावलास त्याबद्दल एवढं थोडक्यात का लिहिलंस? तुझ्या स्वभावाला ते शोभत नाही.

लिनुस


कांपुंग लिम्पासू
५ एप्रिल

लिनुस,

या पत्राचं अक्षर वेगळं आहे. धर्मशिक्षक बोनिफास लिहीत आहेत. शाई सांडतात, पण मी सांगेन तेच लिहायची शपथ त्यांनी घेतली आहे. मी त्यांना म्हटलं, मास्तर, शपथ नको, तुम्हाला गोष्ट बदलण्याइतकं सुचतच नाही.

तुझ्या पत्राने मी चक्रावले. मी सांगितलं एक आणि तू आनंदलास भलत्याच गोष्टीने. मग मला आठवलं. मला अक्षर येत नसेल, पण टाक किती वेळ चालला ते ऐकू येतं. त्या दिवशी कोंबाबद्दल मी बराच वेळ बोलले होते. टाक मात्र कोंबडीने दोन दाणे टिपावेत तसा वाजला आणि थांबला.

मी काय बोलले ते आता मास्तर लिहितात. मी म्हटलं होतं, बोट फिरवलं तर कोंब खोल लागला. नखाचं टोक त्यात अडकतं. त्यात जुनी माती आहे, ती मी नखाने काढली आणि मग कोंब पूर्ण सापडला, शेवटच्या वळणापर्यंत. वळण थोडं चुकलेलं आहे, सुरी घसरल्यासारखं.

खोदलेलाच आहे, लिनुस.

तुझ्या बहिणीला मी काही बोलले नाही. ती समजली आहे की मला समजलं आहे. कालपासून मला न सांगता माझी सुपारी कातरून देते. इतकी बारीक की चावायला काही उरत नाही.

पण आता पुढचं ऐक, आणि तुझं डोकं माझ्याएवढं गरगरू दे. कोंब चुकीच्या बाजूला आहे! गिम्बाडचा कोंब माझ्या डाव्या हाताशी असायचा. आम्ही तोफेवर बसून होडी-होडी खेळायचो, माझा डावा तळवा त्याच्यावर असायचा. इतका, की तिथलं कांसं चमकायचं. डावाच. उजव्या हातात माझं केळ असायचं. आणि या तोफेचा कोंब उजवीकडे आहे. मी मागून बघितलं, उजवीकडे. मास्तरांनाही बघायला लावलं. ते म्हणाले, उजवीकडे. मग म्हणाले, की डावीकडे? मग ते जाऊन पाणी प्यायले.

आता सांग, खोदलेला कोंब आहे, पण उजवा. ही गिम्बाडची की दुसऱ्याच कुणाची? पाको काय एकट्या मलाच आवडतो?

(वरील मजकूर सांगितला तसा लिहिला आहे. पाणी मी तहान लागली म्हणून प्यायलो. — बोनिफास)

आजी


लिम्पासू
५ एप्रिल

दादा,

हे आजीच्या पत्राच्या पाकिटात नाही, वेगळं टाकते आहे.

मी बदललं. एकच शब्द बदलला आणि बाकीचे गाळले. ती सांगत होती आणि तिचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं आता सगळं गेलं. गेल्या वर्षी गावच्या मातानुल प्रमुखांनी पुरुनच्या मुलीचं लग्न मोडलं ते तुला आठवतं ना? दोघांच्या आज्या बहिणी निघाल्या. मुलगी लग्नानंतर आठवड्याभरात माहेरी आली आणि अजून विहिरीवर कोणाशी बोलत नाही. मला तसं व्हायचं नाही. सेव्हेरिन चांगला आहे, दादा. म्हैस उतरेना तेव्हा तो तिला ओरडला नाही, तिच्यापाशी डब्यात जाऊन बसला.

आजी आता कोंब उजवा की डावा यात अडकली आहे. तू एवढंच लिही ना, की ही ती तोफ नाही. तुझं ती ऐकते. तू लिहिलंस तर खोटं बोलल्यासारखं होणार नाही, तू संग्रहालयातला आहेस.

जसिंता


जेसल्टन
१२ एप्रिल

आजी आणि जसिंता, दोघींना एकच पत्र. जसिंता, तूच वाचून दाखव, सगळं वाच.

साहेबांना सांगितलं. तोफ घरात कुठेही तोंड करून ठेवली, तरी तिचं उजवं ते उजवंच राहतं, जसं माणसाचं राहतं. मागून तोंडाकडे बघायचं आणि मग डावं-उजवं म्हणायचं. आजी म्हणते डावीकडे होता, या तोफेला उजवीकडे आहे. खोदलेला कोंब काही फिरत नाही. मग ही दुसरी तोफ आहे. साहेबांचं मत असं, आणि मलाही दुसरं काही सुचत नाही. पाकोचा कोंब कोणीही कोरू शकतो.

मला कोणी असं लिहायला सांगितलं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. खरंच असं दिसतं म्हणून लिहिलं. पण आजी, तुझी आठवण चुकत असेल तर माझं सगळं चुकतं. तुला डावा हात नक्की आठवतो?

लिनुस


कांपुंग लिम्पासू
२४ एप्रिल १९६६

लिनुस बाळा,

आज परत जसिंताच लिहिते आहे. टाक किती चालतो ते मी ऐकते आहे. आज तो माझ्यापुढे पळतो आहे.

तुझं पत्र आलं आणि घरात सगळे सुटल्यासारखे झाले. तुझ्या आईने डुक्कर बघून ठेवलं. मीही म्हटलं, बरं झालं. संग्रहालयाने सांगितलं म्हणजे झालं. मग मागच्या अंगणात गेले आणि भात वाळवायच्या चटया उगाच झटकत बसले. भाऊ पुन्हा हरवला होता. एकदा हरवलेला माणूस दुसऱ्यांदाही हरवतो, हे मला माहीत नव्हतं.

गेल्या रविवारी मिस्सानंतर विहीणबाई, सेव्हेरिन आणि त्यांची चार माणसं तारीख ठरवायला आली. मातानुल प्रमुखही आले होते, कारण आपल्याकडे डुकराचा वास आला की ते येतातच. सगळे ओसरीवर, तोफेच्या आजूबाजूला. बंबांगानचं, त्या रानआंब्याचं, लोणचं फिरत होतं. बोलणं रंगलं. कोणीतरी म्हणालं, “ही तोफ म्हणजे बसायला किती गार.” मी म्हटलं, “बसायला? हिच्यावर बसायचंच असतं. आम्ही लहानपणी होडी करायचो.” सेव्हेरिन म्हणाला, “मग बसा की, आजी. हात देतो.”

मला वाटलं, तो थट्टा करतोय. त्याला वाटलं, मी. दोघंही मागे हटायला तयार नव्हतो. शेवटी मी लुंगी सावरली आणि बसले. लिनुस, या वयात, सगळ्या व्याह्यांसमोर, तोफेवर. तुझ्या आईने डोळे झाकले.

मी तोंडाकडे बघत बसले. आणि अंग म्हणालं, असं नाही.

काय चुकतंय ते कळेना. नदी समोर दिसत होती, ती दिसायला नको होती. मला काय दिसायचं? मला गिम्बाड दिसायचा! तो मागे बसायचा, दांडा लावायच्या भोकापाशी, कारण तो नावाडी. मी पुढे, पण त्याच्याकडे तोंड करून. तो म्हणायचा, “तू मागचं बघ. मागून मगर येते का ते तू बघायचं, पुढचं मी बघतो.” म्हणून मला शेपटीची काळजी. म्हणून तोफेच्या तोंडाकडे माझी पाठ.

मी उठले आणि उलटी बसले. नदीकडे पाठ, घराकडे तोंड. डावा हात खाली सोडला. बघायला लागलं नाही. तळवा कोंबावरच गेला.

आणि तेवढ्यात आग्नेस ओरडली, “अग बाई, आमचे म्हातारे सेव्हेरिनला असंच बसवायचे! तोंडाकडे पाठ करून! आम्ही म्हणायचो, पोर पडेल. तर म्हणायचे, याने मागचं बघायचं, पुढचं मी बघतो.”

नाव तिने घेतलं नाही. घ्यायची गरजही उरली नव्हती.

लिनुस, मी हे तुला खरं सांगते. तिथे तोफेवर बसून मी जसिंताकडे बघितलं आणि ठरवलं, ही गोष्ट मी गिळणार. आग्नेसच्या त्या बोलण्यावर सगळे हसत होते, कोणाला काही कळलेलं नव्हतं. म्हातारी उलटी बसली, एवढंच. मी हात उचलणारही होते.

तुझी बहीण उठली. हिच्या हातात लोणच्याचा वाडगा होता, तो हिने आधी नीट खाली ठेवला. मग मातानुलसमोर जाऊन म्हणाली, “आजोबा, ही तोफ माझ्या आजीच्या भावाची आहे. सेव्हेरिन त्यांचा नातू. मला माहीत होतं आणि मी पत्रात खोटं लिहिलं.” (हे लिहिताना हिचे कान लाल झाले आहेत. लिहिलंस? शाबास.)

मग ओसरीवर जो गोंधळ झाला! आग्नेस रडायला लागली आणि मला मिठी मारायला आली, मी तोफेवर, ती खाली, तिचं डोकं माझ्या गुडघ्यावर आपटलं. एक काका म्हणाले, देज परत करा. दुसरे म्हणाले, म्हैस तरी राहू द्या. सेव्हेरिन बिचारा विचारत होता, “म्हणजे ही माझी पण आजी?” तुझी आई म्हणाली, “पण संग्रहालय तर म्हणालं होतं!” तेव्हा मी म्हटलं, संग्रहालयाला बसून बघायला कोणी सांगितलं नव्हतं.

मातानुल सुपारी चावत होते. जसिंताने मान खाली घातली होती. मग ते म्हणाले, “पुरुनच्या पोरीचं लग्न मी रक्तासाठी मोडलं नव्हतं. त्यांना माहीत होतं आणि त्यांनी लपवलं. लपवलेलं रक्त गार होत नाही. हे लग्नाआधी बोललं गेलं.” पुन्हा चावले. “सोगित द्यायचं. दोन्ही घरांनी एकेक डुक्कर कापायचं, नदीकाठी, म्हणजे रक्त गार होईल. पोरं लग्न करू देत.”

हिने तिथेच बसकण मारली. सेव्हेरिन तिच्यापाशी जाऊन बसला. म्हशीपाशी बसला होता तसाच.

“पण,” मातानुल म्हणाले. या माणसाचं ‘पण’ कधी चुकत नाही. “पण आपल्याच घरची तोफ आपल्याच घरात देज म्हणून घेता येत नाही. ती परत जाईल.”

म्हणजे तोफ परत मेम्बाकूतला जाणार. आपलं माणूस सापडलं आणि त्याची वस्तू गेली. मी हरकत घेतली नाही. एवढंच मागितलं की सणापर्यंत ती ओसरीवर राहू द्या. रोज संध्याकाळी मी थोडा वेळ उलटी बसते. शेजारणी बघून जातात. मी त्यांना सांगते, मागचं बघायचं काम माझ्याकडे आहे.

मेणबत्ती लावली, लिनुस. वाट न बघता, मेलेल्यांचा दिवस यायच्या आत. चर्चमध्ये इग्नेशियस म्हणून लावली, घरी गिम्बाड म्हणून. ज्या नावाला ओ देईल, त्या नावाची त्याची.

लग्नाला ये. सोगितचं डुक्कर तुझ्या आईने बघितलंय, पण ते नदीपर्यंत चालवत न्यायला धीराचा माणूस लागेल. सेव्हेरिनला सांगितलंय.

आणि तुझ्या त्या कोठारातल्या दुसऱ्या मगरीबद्दल. चिठ्ठीवर काय लिहायचं ते साहेबांना विचारून लिही, पण माझं ऐकशील तर तिचीही शेपटी त्यानेच तोडली असणार. खोड्या काढायला गिम्बाडला कुठलंही घर चालायचं.

तुझी आजी,
लुन्सिन